दहावीत दोन विषय राहिलेला पैलवान आणि त्याचं कॉलेज: आमची तीन वर्षं

१७ जून २०२२ ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला. धाकटा भाऊ घरात नव्हता, तालमीत जाऊन एकटाच कुस्तीच्या मातीचा हौदा खणत होता. दुपारी तालमीत कुणी नसतं म्हणून तो तिकडं गेला होता. निकाल मी मोबाईलवर बघितला. मराठीला ६१, इतिहास-भूगोल बरा, विज्ञान काठावर, आणि गणित-इंग्रजी दोन्ही राहिलेले. आईला सांगितलं तर ती काही बोलली नाही, नुसतं दूध गरम करायला ठेवलं, कारण तो आला की दूध लागणार.

हे लिहितेय कारण आता तालमीतल्या दोन-तीन मुलांच्या घरून मला फोन येतात, "तुमच्या पोराचं कसं केलंत?" आणि प्रत्येकवेळी मी अर्धंच सांगते, मग नंतर आठवतं की महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून जे झालं ते झालं त्या क्रमानं लिहून ठेवतेय. आम्ही कोल्हापूरजवळच्या खेड्यातले, आबा शेती करतात, मी शहरात एका मेडिकल दुकानात कामाला आहे. घरात शिकलेलं म्हणजे मीच, बी.कॉम.पर्यंत, त्यामुळे सगळे कागद माझ्याकडे.

भाऊ नववीत असतानाच जिल्ह्याच्या पातळीवरचा पैलवान आहे असं वस्ताद म्हणायचे. पट काढण्यात, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडण्यात, त्याचा हात कुणी धरत नव्हतं. पण आठवीच्या शेवटी कोरोनामुळे शाळा बंद झाली, नववी मोबाईलवर गेली आणि घरात मोबाईल एकच, तो पण आबांसोबत शेतात. नववीतनं परीक्षा न देताच दहावीत ढकलला गेला. वाचायची सवयच तुटली. दहावीला अभ्यासक्रम कमी केलेला होता, पेपर स्वतःच्याच शाळेत होता, वेळ वाढवून दिलेला होता, तरी जमलं नाही. हे आधी सांगितलं कारण पोरगं आळशी आहे असं सगळ्यांनी धरलं होतं, मी सुद्धा. जे पोरगं पहाटे चारला उठून हजार बैठका मारतं ते आळशी कसं असेल हा साधा विचार मला त्यावेळी सुचला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

निकालानंतरचे पंधरा दिवस घरात नुसते सल्ले. वस्ताद म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, त्याला कागदात गुतवू नका, दोन वर्षं नुसती मेहनत करू दे, शाळा काय पळून जात न्हाई." आबांचं म्हणणं आर्मीत घाला. चुलते म्हणाले आयटीआय कर, वेल्डर नाहीतर वायरमनला दहावी नापास पण चालतं. मी प्रत्येक गोष्टीची चौकशी केली. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला लहान मुलांची स्पोर्ट्स कंपनी आहे, तिथं कुस्ती आहे, पण वय ८ ते १४, म्हणजे आमची वेळ गेलेली. खेळाडू म्हणून थेट भरती असते, त्याला दहावी पास लागतंच. आयटीआयमध्ये दिवसभर वर्कशॉप, मग संध्याकाळची मेहनत कधी आणि झोप कधी.

मला ठाम करणारी गोष्ट तालमीतच घडली होती. भावाच्या जोडीतला एक मोठा पैलवान, गावोगावच्या मैदानात नाव कमावलेला, त्याच्या गुडघ्याची लिगामेंट गेली. रेल्वेची खेळाडूंची भरती निघाली होती आणि त्याच्याकडे प्रमाणपत्रं पण होती, पण शिक्षण नववी. रेल्वेत खेळाडू कोट्यातनं पगाराच्या लेव्हल १ ला दहावी किंवा आयटीआय लागतं, लेव्हल २-३ ला बारावी, आणि ४-५ ला पदवी. तो फॉर्मच भरू शकला नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे तालमीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे, पण त्या पदाला जे शिक्षण लागतं ते खेळाडूला सुटत नाही हे कुणी सांगत नाही. पोलीस शिपायाला सुद्धा बारावी. मी वस्तादांना हे समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून घेणारे निघाले. शेवटी म्हणाले, "मग पहाटेची मेहनत मोडू नको, बाकी तुझं तू बघ."

आता आमच्यासमोर तीन वाटा होत्या. एक, कॉलेजात नाव न घालता बाहेरून परीक्षा द्यायची. दुसरी, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, त्यात परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, नोंदणी पाच वर्षं चालते, मराठीतनं दहावी देता येते आणि आधी पास झालेल्या दोन विषयांचे मार्क तिकडं घेता येतात. ज्याला खरंच शाळा झेपत नाही त्याच्यासाठी ही वाट चांगली आहे, तिला कमी समजू नका. तिसरी, एटीकेटी, म्हणजे एक-दोन विषय राहिले असले तरी अकरावीला प्रवेश घ्यायचा आणि अकरावी संपायच्या आत ते विषय सोडवायचे.

आम्ही तिसरी घेतली, आणि त्याचं कारण अभ्यासाचं नव्हतंच. १९ वर्षाखालच्या शालेय कुस्ती स्पर्धा, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य, या जिल्हा क्रीडा कार्यालयातर्फे होतात आणि त्यात उतरायला शाळेच्या किंवा ज्युनिअर कॉलेजच्या पटावर नाव लागतं. बाहेरून परीक्षा दिली असती तर ती दोन वर्षं शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रं मिळाली नसती. मैदानातल्या कुस्तीला इनाम मिळतं, हलगी वाजते, पण नोकरीच्या फॉर्मला ते इनाम जोडता येत नाही.

तालुक्याच्या गावात कला शाखेला प्रवेश मिळाला. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतनंच भरला. जुलै-ऑगस्टमध्ये परीक्षा, सप्टेंबरच्या सुरुवातीला निकाल. इंग्रजी सुटलं, ३५. गणित राहिलं. त्या रात्री तो जेवला नाही. पैलवान जेवला नाही म्हणजे घरात काय होतं ते पैलवानाच्या घरच्यांनाच कळेल. मार्च २०२३ ला गणित परत दिलं आणि ३७ पडले. म्हणजे दहावीची त्याच्याकडे तीन मार्कशीट आहेत. तिन्ही जपून ठेवा, नापासचं मार्कशीट फाडून टाकू नका, पुढं प्रत्येक ठिकाणी ती तिन्ही मागतात. आणि लॅमिनेशन करू नका. आम्ही एक केलं आणि एका खिडकीवर ते घेतलंच नाही, दुय्यम प्रत काढावी लागली, त्यात सव्वा महिना गेला.

मधल्या काळात एक गोष्ट झाली ती मुद्दाम लिहिते. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, आम्ही त्यांना बाई म्हणतो. गणितासाठी तो त्यांच्याकडे जायचा. बाईंनी एकदा मला बोलवून सांगितलं, याला तोंडी विचारलं की सगळं येतं, वाचायला दिलं की घाम फुटतो, एकदा तपासून घे. म्हणजे अध्ययन अक्षमता आहे का ते. तसं प्रमाणपत्र असेल तर बोर्ड जादा वेळ देतं, लेखनिक देतं, पण प्रमाणपत्र बोर्डाला चालणाऱ्या सरकारी हॉस्पिटलचंच लागतं. जून २०२३ मध्ये नाव नोंदवलं. डोळे आणि कान तपासायला एक फेरी, बुद्ध्यांकाला दुसरी, लिहिणं-वाचणं-गणिताला तिसरी, आणि रिपोर्टला चौथी. मध्ये तारखा पुढं गेल्या. ऑगस्टच्या शेवटी रिपोर्ट आला. माझे चार दिवसांचे पगार कापले गेले, हॉस्पिटलचा खर्च मात्र अगदी किरकोळ.

रिपोर्टमध्ये आलं की अक्षमता नाही. बुद्धी चांगली आहे, पण वाचन पाचवीच्या पातळीवर अडकलंय. म्हणजे सवलत नाही. बसस्टँडवर मी रडले, कारण मला वाटलं होतं एक कागद मिळेल आणि सगळं सोपं होईल. तो म्हणाला, "आक्का, म्हंजे मला डोस्कं हाय की." बारा वर्षं शाळेत जाऊन हे त्याला पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलं होतं. तुमच्या मुलाबद्दल जराही शंका असेल तर आठवी-नववीतच तपासा, आम्हाला फार उशीर झाला होता.

मग बाईंनीच वाट काढली. बारावीचे इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्राचे धडे त्या मोठ्यानं वाचून व्हॉट्सॲपवर पाठवायच्या, दहा-दहा मिनिटांचे. तो रनिंगला जाताना कानात घालायचा, मालिश करताना ऐकायचा. संध्याकाळी मेहनत झाल्यावर पाऊण तास लिहिणं, रोज फक्त दोन उत्तरं, पण पाठ्यपुस्तकात बोट ठेवून वाचून मगच लिहायची. दुपारी दोन ते चार पैलवानाला झोप लागते, त्यावेळी अभ्यासाला बसवू नका, काही डोक्यात जात नाही आणि संध्याकाळच्या लढतीत दुखापत होते. आमच्याकडे हे चुकत-माकत शिकूनच कळलं.

त्या वर्षी तो शालेय राज्य स्पर्धेत तिसरा आला. बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयात जातो आणि तिथनं बोर्डात. हा प्रस्ताव आपोआप जात नाही, कॉलेजमध्ये जाऊन मागं लागावं लागतं. आमचा प्रस्ताव परत आला, कारण प्रमाणपत्रावर त्याचं घरातलं नाव पडलेलं, स्पर्धेच्या वेळी यादीत कुणीतरी तेच लिहून दिलेलं, आणि हॉल तिकिटावर आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. दुरुस्तीसाठी कॉलेजचं पत्र, आधार, जन्माचा दाखला, आणि १०० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र, सगळं मिळून तीन आठवडे आणि साधारण हजार रुपये. बारावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली तेव्हा मी अजून त्या कागदासाठी फिरत होते. म्हणून सांगते, स्पर्धेच्या ठिकाणी वजन द्यायला जाताना प्रवेशिकेवरचं नाव स्वतः वाचा. वजनकाट्याकडे सगळे बघतात, नावाकडे कुणी बघत नाही.

२१ मे २०२४ ला निकाल लागला. ५१ टक्के. इंग्रजीत क्रीडा गुण धरून पास. त्याने निकाल पहिल्यांदा बाईंना जाऊन दाखवला, घरी नंतर आला.

पुढचा दीड महिना मला सगळ्यात जड गेला, कारण आता लोक स्वतःहून येत होते. राज्याचं मेडल आणि ७४ किलोचा अंगानं भरलेला पोरगा म्हटल्यावर कॉलेजं विचारतात. उत्तरेकडच्या एका खाजगी विद्यापीठाकडनं फोन आला, फी पूर्ण माफ. ऐकायला छान वाटलं, पण हॉस्टेल आणि मेसचे वर्षाला ९० हजार, खुराक वेगळा, शिकवणं इंग्रजीत, आणि एखाद्या वर्षी मेडल नाही आलं तर माफी राहणार का याचं उत्तर लेखी द्यायला ते तयार नव्हते. शिवाय राज्याबाहेर जायचं तर बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढा, ती फेरी वेगळीच. आबांना मोह झाला होता. मी त्यांना फक्त विचारलं, त्याला तिथं बाई कोण मिळणार?

दुसरं एक मोठं नाव असलेलं कॉलेज. तिथल्या माणसानं भावाच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "तू फक्त खेळ, पेपरचं आम्ही बघतो." वर्गात यायची पण गरज नाही म्हणाले. भाऊ खूश, आणि मी घाबरले. वर्गात न जाता तीन वर्षांनी त्याच्या हातात काय येणार होतं? पदवीचा कागद आला तरी पोलीस भरतीचा लेखी पेपर त्यालाच लिहायचाय ना.

मुक्त विद्यापीठाचा पण विचार केला, नाशिकचं यशवंतराव चव्हाण. नोकरी करत शिकणाऱ्याला ते खरंच उपयोगी आहे. पण आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित, पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी लागतो, आणि वय १७ ते २५. पैलवानाची कॉलेजची वर्षं म्हणजे हीच, ती हातची घालवायची नव्हती.

मग मी कोल्हापूर आणि सांगलीच्या बाजूची शिवाजी विद्यापीठातली चार कॉलेजं फिरले, दुकानातनं अर्धा-अर्धा दिवस सुट्टी काढून. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न. गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडे आलेल्या पैलवानांपैकी किती जण टी.वाय. पास होऊन गेले? स्पर्धा आणि सेमिस्टरची परीक्षा एकाच तारखेला आली तर काय करता? हजेरी ७५ टक्के भरत नसेल तर खेळाडूसाठी काय पद्धत आहे? तीन ठिकाणी मेडलचे फोटो दाखवले, भिंतभर. चौथ्या ठिकाणी जिमखान्याच्या सरांनी कपाटातनं एक साधी वही काढली, त्यात प्रत्येक खेळाडूचं नाव, स्पर्धा, कुठला विषय राहिला, कधी सुटला, सगळं पेनानं लिहिलेलं. म्हणाले, "नऊ आले, पाच पास होऊन गेले, दोघांनी सोडलं, दोन अजून अडकलेत." त्यांनी अडकलेले दोन पण सांगितले म्हणून मी तिथंच ठरवलं. मेडलच्या हिशोबात ते कॉलेज चारात शेवटचं असेल.

बी.ए., मराठी माध्यम, पेपर मराठीत लिहिता येतात. तालमीपासनं सायकलवर पंधरा मिनिटं, आणि कॉलेज सकाळी आठनंतर, म्हणजे पहाटेची मेहनत शाबूत. वस्तादांना दिलेला शब्द राहिला. अंतर ही फार मोठी गोष्ट आहे बरं का, प्रवासात दोन तास गेले की पैलवान एकतर मेहनत सोडतो नाहीतर वर्ग.

त्याच सुमाराला आबा एकदा सरांना भेटायला आले होते. आबांना खाशाबा जाधवांची गोष्ट फार प्रिय, १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. आबा ती नेहमी कुस्तीची गोष्ट म्हणून सांगायचे. त्या दिवशी बसमध्ये आपणहून म्हणाले, "खाशाबा कॉलेजला होता म्हणून तर मास्तर मागं उभं राहिलं." त्यानंतर घरात कॉलेजवरनं वाद झाला नाही.

प्रवेशाला तीन मार्कशीट, बारावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, क्रीडा प्रमाणपत्रं आणि एबीसी आयडी, म्हणजे कॉलेजचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाईन खात्याचा नंबर, लागला. एबीसी आयडीला आधारशी जोडलेला मोबाईल नंबर लागतो आणि आमच्या आधारला आबांचा बंद पडलेला नंबर होता. बदलायला तेव्हा ५० रुपये लागले, पण रांगेत दोन सकाळी गेल्या. हे बारावीच्या सुट्टीतच करून घ्या. फी सगळी मिळून ४,३०० रुपये, शिष्यवृत्तीचा फॉर्म सरकारच्या महाडीबीटी वेबसाईटवर वेगळा. तुलनेसाठी सांगते, त्याचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, महिन्याला १४ हजाराच्या आसपास जातो. आमच्या घरात शिक्षण कधीच महाग नव्हतं, त्याला वेळच मिळत नव्हता.

अजून एक काम आताच करायचं असतं ते म्हणजे प्रमाणपत्रांची फाईल. नोकरीत खेळाडू आरक्षण घ्यायचं तर विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातनं प्रमाणपत्र पडताळणी लागते. त्यावेळी चार वर्षांपूर्वीच्या स्पर्धेचा कागद शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक स्पर्धेनंतर मूळ प्रमाणपत्र, प्रवेशिकेची झेरॉक्स आणि निकालाच्या यादीचा फोटो एकत्र ठेवा. आमची फाईल आईच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली.

एफ.वाय. सोपं गेलं नाही. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी परत राहिलं. विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत ७४ किलोला फायनल हरला, दोन गुणांनी, त्यामुळे विद्यापीठाच्या टीममध्ये नाव लागलं नाही. डिसेंबरमध्ये आठ दिवस तो कुणाशी बोलत नव्हता आणि मला वाटलं आता कॉलेज सोडतो म्हणेल. नवव्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला, मला नाही, त्याला. आज वर्गात दिसला नाहीस म्हणून. तो सायकल काढून गेला. उन्हाळ्यात इंग्रजी सुटलं, ४१ पडले, त्यात कुठलेच सवलतीचे गुण नव्हते.

जून २०२५ मध्ये एस.वाय.चा फॉर्म त्यानं स्वतः भरला, मोबाईलवर, तालमीच्या कट्ट्यावर बसून. मी शेजारी होते पण हात लावला नाही. प्रत्येक ओळ ओठ हलवत वाचत होता, हळूहळू. आईच्या नावावर आला तेव्हा खिशातनं आधारची झेरॉक्स काढली, एकेक अक्षर बोटानं जुळवलं, आणि मगच पुढं गेला.